तालमीतली तालीम कुठे गेली?

'तालीम' हा शब्द आमच्या सोलापुरात दोन अर्थांनी चालतो. आमच्यासारख्या दखनी बोलणाऱ्या घरात पोरांची तालीम म्हटले की शाळा, पाटी, पुस्तक असेच समजतात. घराचा उंबरा ओलांडून रस्त्यावर आले की तालीम म्हणजे लाल माती, लंगोट आणि जोर-बैठका. पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे सोलापूरकर पत्ता सांगतानाही वापरतो. शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. 'वस्ताद' हा आपला उस्ताद. 'कुस्ती', 'पहिलवान', 'खुराक' हे शब्द फारसीतून आले आणि मराठी मातीत असे मिसळले, की त्यांचे गाव कुठले हे आता कुणी विचारत नाही. विचारूही नये.

पण या प्रवासात एक गोष्ट घडली. तालीम शब्दाचा अर्धा अर्थ वाटेत गळून पडला. शरीर कमावणे राहिले, शिकणे गेले. आज मला बोलायचे आहे ते त्या गळालेल्या अर्ध्या अर्थाविषयी. मिसरूड फुटण्याआधीच खेळासाठी हेरली जाणारी, निवडली जाणारी, घरापासून लांब नेली जाणारी मुले हा आजचा विषय आहे. ही गोष्ट आयपीएलच्या लिलावाने सुरू झाली असे अनेकांना वाटते. तसे नाही. तिला आपल्याकडे मोठा इतिहास आहे.

सुरुवात गामापासून करू. १८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी देशभरातल्या मल्लांची एक स्पर्धा भरवली. बैठका मारायच्या, आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. चारशेहून अधिक पहिलवान जमले होते. त्यात दहा वर्षांचा एक पोरगा होता. एकेक पहिलवान गळत गेला आणि शेवटच्या पंधरांत हे पोर उभेच. महाराजांनी त्याचे वय पाहून त्यालाच विजयी ठरवले. तो गुलाम मोहम्मद, म्हणजे पुढचा गामा पहिलवान. वडील लहानपणीच वारलेले, आजोळच्या माणसांनी वाढवलेला. जोधपूरनंतर दतियाच्या राजाने त्याला आपल्या पदरी घेतले, त्याच्या खुराकाची आणि मेहनतीची व्यवस्था केली. १९१० साली हाच गामा लंडनला गेला आणि झ्बिस्कोसारख्या जगज्जेत्या मल्लाला त्याने तासन्‌तास जमिनीला खिळवून ठेवले.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावी. फक्त एवढे लक्षात ठेवावे, की त्या चारशेंपैकी एकाचे नाव आपल्याला माहीत आहे. बाकीच्यांत आणखी पोरे होती का, असतील तर ती पुढे काय करत होती, हे इतिहासाने लिहून ठेवले नाही. दरबारी आश्रयाचा हिशेब साधा होता. जिंकतोस तोवर खुराक. खुद्द गामाचे अखेरचे दिवसही फाळणीनंतर लाहोरात हलाखीतच गेले. संस्थाने गेली तशी खुराकाची सोयही गेली. ज्याच्या हातात अंगाखेरीज दुसरे काहीच दिलेले नव्हते, त्याचे अंग थकल्यावर काय उरणार?

महाराष्ट्रात कुस्तीचा राजाश्रय म्हटले की कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन आणि जाणकार. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले, आणि परत आल्यावर कोल्हापुरात खासबागचे मैदान उभे केले. १९१२ साली ते पुरे झाले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा अशी त्याची रचना. कुठेही बसा, कुस्ती दिसतेच. या मैदानाने खेड्यापाड्यांतली शेकडो पोरे कोल्हापूरकडे ओढली.

पण शाहू महाराजांचे मोठेपण मला खासबागेपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीत दिसते. ज्या वर्षांत ते मल्लांना पोसत होते, त्याच वर्षांत ते वसतिगृहे काढत होते. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह, मग जैन, लिंगायत अशी एकामागून एक. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी आणि तिचे बोर्डिंग. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. आखाडा आणि वसतिगृह या दोन्ही वास्तू एकाच राजाने बांधल्या. तालीम शब्दाचे दोन्ही अर्थ त्याच्या राज्यात शेजारी शेजारी उभे होते. मधली वाट मात्र फार थोड्या पोरांना सापडली.

कारण तालमीतला दिनक्रमच तसा. पहाटे चारला उठायचे, जोर मारायचे, बैठका काढायच्या, मातीत लढत करायची, मग थंडाई, दूध, तूप. दुपारी झोप, आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. यात शाळा बसवायची कुठे? दहा-बारा वर्षांचा पोरगा गावच्या जत्रेत रेवड्यांवरची कुस्ती मारतो, मग नारळावरची, मग चार पैशांच्या इनामाची. कुणीतरी जाणता म्हणतो, पोरात दम आहे. बाप एक दिवस त्याला वस्तादाच्या पायावर घालतो. घरची म्हैस आता त्या पोराच्या नावावर होते. धाकट्या भावंडांच्या वाट्याचे दूध त्याच्या लोट्यात जाते. ही निवड एकट्या पोराची नसते, ती साऱ्या घराची असते. म्हणून ते पोर हरले की सारे घर हरते.

आता या चित्राच्या अगदी उलट्या बाजूला उभा असलेला एक माणूस पाहू. तो म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा, १५ जानेवारी १९२६ चा जन्म. वडील दादासाहेब स्वतः कुस्तीगीर, पाच मुलांतले खाशाबा सर्वांत धाकटे. लहानपणापासून मातीत खेळलेले, पण शाळा सुटली नाही. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. हे कॉलेज १८८० सालचे, संस्थानाचा अभिमान.

तिथे काय झाले? कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव द्यायला गेले, तर अंगाने किरकोळ म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्यांना घेतले नाही. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली आणि या किरकोळ मुलाने आपल्याहून धिप्पाड मल्लांना चीत केले. ज्या माणसाला पुढे जग 'पॉकेट डायनॅमो' म्हणणार होते, त्याला पहिल्या नजरेत नाकारणारी नजर एका जाणत्याचीच होती. हेरणाऱ्याची नजर किती फसू शकते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. मातीवर वाढलेला हा मल्ल तिथे गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली, तेव्हा पुन्हा पैशांचा प्रश्न. लोकांनी वर्गणी काढली. आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले, ते लिअँडर पेसचे. कराड स्टेशनवर उतरल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले, तर कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवले.

एका कॉलेजने एका खेळाडूसाठी काय करावे, याचा हा आपल्या इतिहासातला नमुना आहे. खर्डेकरांनी खाशाबांना लहानपणी हेरून कॉलेजच्या नावाने बांधून ठेवले नव्हते. मुलगा स्वतःच्या पायांनी, शिकायला आला. कॉलेजने त्याला संधी दिली आणि अडचणीच्या वेळी प्राचार्याने स्वतःचे घर पणाला लावले. आज नेमके उलटे दिसते. संस्था काहीच पणाला लावत नाही, मुलाचे बालपण तेवढे पणाला लागते.

शिकलेला असल्याचा खाशाबांना उपयोगही झाला. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. सरकारने त्यांचे फार कौतुक केले अशातला भाग नाही. १९८४ साली ते अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार द्यायचे सुचले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. पण सन्मान मिळाला नाही तरी चूल पेटत राहिली. अनेक मोठ्या पहिलवानांच्या नशिबी तेवढेही नव्हते.

कुस्तीकडून क्रिकेटकडे वळू. पॉली उम्रीगर या थोर फलंदाजाचे बालपण आमच्या सोलापुरात गेले. वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. मग कुटुंब मुंबईला गेले आणि हा मुलगा सेंट झेवियर्स कॉलेजकडून, पुढे मुंबई विद्यापीठाकडून खेळत मोठा झाला. त्या काळातली मुंबईची वाट अशीच होती. शाळेत हॅरिस शील्ड, गाइल्स शील्ड, मग कॉलेज, मग आंतरविद्यापीठ, मग रणजी. एकेक पायरी. कॉलेजे चांगल्या खेळाडूला प्रवेश देत, फी माफ करीत, हजेरीकडे काणाडोळा करीत. त्यात थोडी लबाडीही होती. पण मुलगा तोवर सोळा-सतरा वर्षांचा झालेला असे.

हळूहळू ही निवड खाली सरकली. कॉलेजाकडून हायस्कूलकडे, तिथून माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गांकडे. सचिन तेंडुलकर अकरा वर्षांचा असताना रमाकांत आचरेकर सरांनी त्याच्या घरच्यांना सल्ला दिला, की मुलाची शाळा बदला. वांद्र्याच्या शाळेत क्रिकेट नव्हते. दादरच्या शारदाश्रमात होते. शाळा बदलली, आणि जाण्यायेण्यात वेळ जातो म्हणून मुलगा शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्याने आणि विनोद कांबळीने हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. त्याच वर्षी डिसेंबरात, पंधराव्या वर्षी सचिनने रणजीच्या पहिल्याच सामन्यात शतक ठोकले.

आचरेकर सरांचा निर्णय चुकला असे कोण म्हणेल? पण या यशाने एक गैरसमज घरोघर पोचवला. शाळा बदलली की सचिन होतो, असा तो गैरसमज. मग शाळाही शाळा राहिल्या नाहीत. चांगला फलंदाज सातवीत असतानाच गाठायचा, फी माफ करायची, किट द्यायचे, आणि शील्ड जिंकून शाळेचे नाव वर्तमानपत्रात आणायचे. विरार, कल्याण, पालघरकडून पहाटेच्या लोकलने किटच्या ओझ्याने वाकलेली मुले येऊ लागली. शाळांतल्या धावांचे आकडे चारशे-पाचशेंच्या घरात गेले.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने एका डावात नाबाद १००९ धावा काढल्या. वडील रिक्षाचालक. पंधरा वर्षांचा मुलगा दोन दिवसांत जगभर पोचला. मुंबई क्रिकेट संघटनेने पाच वर्षांसाठी दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी फॉर्म हरवला, अपेक्षांचे ओझे झाले, आणि घरच्यांनी ती शिष्यवृत्ती बंद करा म्हणून कळवले. रिक्षा चालवणाऱ्या माणसाने दरमहाचे दहा हजार रुपये आपणहून नाकारले. मुलाच्या धावांपेक्षा मला त्या बापाची ही कृती मोठी वाटते. आपला मुलगा कुणाच्या देण्यात राहू नये, हे त्याला कळले होते.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत कॉलेजांचे खेळ हा प्रचंड पैशांचा व्यवहार आहे. २०१० साली तिथल्या एका नामांकित विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाने डेव्हिड सिल्स नावाच्या तेरा वर्षांच्या, सातवीतल्या मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली. मुलाने होकारही दिला. कॉलेजात जायला अजून पाच वर्षे होती. तेवढ्या काळात तो प्रशिक्षकच त्या विद्यापीठातून गेला, मुलगा भलत्याच विद्यापीठात दाखल झाला, आणि ज्या जागेसाठी त्याला हेरले होते ती जागा सोडून दुसऱ्याच जागी खेळू लागला. तेराव्या वर्षीच्या भाकिताचे एवढेच मोल. शेवटी २०१८ आणि २०१९ साली तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने नियम कडक केले आणि बहुतेक खेळांत इतक्या लहान मुलांशी बोलणी करायला बंदी घातली. जागतिक फुटबॉल संघटनेनेही २००१ पासून अठरा वर्षांखालील मुलांची एका देशातून दुसऱ्या देशात क्लबबदली मोजके अपवाद सोडून बंद केली आहे. दुकान मोठे झाले की दाराला कुलूप लावावे लागते, हे त्यांना उशिरा का होईना कळले.

आपल्याकडे दरबार गेले, त्यांच्या जागी सरकार आले. १९९४ साली पुण्यात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या, बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले आणि १९९६ पासून क्रीडा प्रबोधिनी सुरू झाली. आठ ते चौदा वयाच्या मुलामुलींची उंची, वजन, उडी, धाव, चेंडूफेक मोजायची आणि निवडलेल्यांना निवासी प्रशिक्षण द्यायचे, शाळेसकट. लष्कराचीही बॉईज स्पोर्ट्स कंपनी अशीच. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात कितीतरी शेतकऱ्यांची पोरे लहानपणी दाखल झाली, तिथेच दहावी झाली आणि वयात आल्यावर जवान झाली. खेळात मागे पडली तरी वर्दी मिळाली. दरबारी खुराकापेक्षा ही व्यवस्था नक्कीच बरी. इथे निदान शाळेची घंटा वाजते.

मुलींच्या बाबतीत तर लहान वयातली निवड कधी कधी सुटकेची वाट ठरते. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर खो-खो खेळत वाढली, धावपटू झाली, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली आणि पुढे सरकारी अधिकारी झाली. दुष्काळी गावातल्या मुलीला मैदानाने लग्नाच्या घाईतून बाहेर काढले, ही छोटी गोष्ट नव्हे. म्हणून लहान मुलांना निवडूच नका, असे मी म्हणणार नाही.

आमच्या भवानी पेठेसारख्या वस्तीत तर हे म्हणणे क्रूरपणाचे होईल. एकेकाळी इथला मुलगा शाळा सोडून मागावर बसायचा, मुलगी आईशेजारी विड्या वळायला बसायची. पुढे एकेक करून गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागाचे काम कधी असते, कधी नसते. अशा घरात कुणी येऊन म्हणाले, की मुलाचे जेवण, राहणे, शिकणे आमच्याकडे, तर नाही कोण म्हणेल? सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, दहावी-बारावीला खेळाचे जादा गुण आहेत, हे आता आमच्या बिडी कामगार आयांनाही ठाऊक असते. त्यांना पदक नको असते. मुलाची नोकरी हवी असते. ही अपेक्षा अगदी रास्त आहे, आणि तिच्याच जिवावर खोट्या अकादम्या, फुगवलेली प्रमाणपत्रे, कमी लावलेली वये यांचा बाजार चालतो. वय चोरायचे प्रकार इतके वाढले, की क्रिकेट मंडळाला २०१२ पासून मुलांच्या मनगटाच्या हाडांचे एक्स-रे काढून वय तपासावे लागते आहे. कागदावरचा जन्म खरा की हाडातला, हा प्रश्न बारा-चौदा वर्षांच्या पोराला विचारला जावा, यापरते दुर्दैव कोणते?

शेवटी एक नाव आणखी घेतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत नोकरी केली. मोठ्या स्पर्धांसाठीचे धावणे सुरू झाले ते २०१५ साली, एकविशीत. स्टीपलचेस तर त्याहून पुढे, २०१७ मध्ये. तोच अविनाश २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंमध्ये घुसून रौप्यपदक घेऊन आला, २०२३ साली आशियाई सुवर्ण जिंकला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावला. खाशाबांना अंगाने किरकोळ म्हणून नाकारले, अविनाशला मोठे व्हायला एकविसावे वर्ष लागले. याचा अर्थ एवढाच, की आठव्या-दहाव्या वर्षी कुणाच्या कपाळावर 'होणार' किंवा 'होणार नाही' असा शिक्का मारायचा अधिकार कुणालाही नाही. ना वस्तादाला, ना कॉलेजला, ना मोजपट्टी घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला.

म्हणून निवड जरूर करा. पण मूल घेऊन जाताना आई-बापांनी निवडणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. हे मूल रोज शाळेत किती वेळ बसेल? उद्या पाय मोडला तर त्याच्या औषधाचा आणि शिक्षणाचा खर्च कोण करील? आणि तुमच्याकडून गेल्या दहा वर्षांत जी मुले परत गेली, ती आज काय करतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लोक तयार ठेवतात. तिसऱ्याचे उत्तर मागा. जिंकलेल्यांचे फोटो प्रत्येक संस्थेच्या भिंतीवर असतात. परत गेलेल्यांची यादी जिच्याकडे असेल, तिच्याकडे मूल बिनघोर सोपवावे. कारण त्या संस्थेला तालीम या शब्दाचा पुरा अर्थ माहीत आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)